मशीन चालू, वायर बंद : हॉस्पिटलच्या असेट आणि मेंटेनन्स सॉफ्टवेअरच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

३ मार्च

धंतोलीतलं हॉस्पिटल, शंभराच्या वर बेड, दोन ओटी (ऑपरेशन थिएटर), आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), डायलिसिस, एक्स-रे, सोनोग्राफी. बायोमेडिकलमध्ये, म्हणजे मेडिकल मशीन सांभाळणाऱ्या खात्यात, मी आणि एक टेक्निशियन पोरगा, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे दादा लोक वेगळे. आत्तापर्यंत असेटचा (मशीन-सामानाचा) हिशोब म्हणजे अकाउंट्सची एक एक्सेल, माझी दुसरी एक्सेल आणि स्टोअरमधलं जाडं लाल रजिस्टर, आणि तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, जुळतील अशी कोणाची अपेक्षाही नाही. आता एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) तयारी चालू झाली म्हणून सगळ्यांना घाई आली, कारण त्यांच्या फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या चॅप्टरमध्ये इन्व्हेंटरी, पीएमचं (बिघडायच्या आधीच ठरल्या वेळी करायच्या मेंटेनन्सचं) शेड्यूल, कॅलिब्रेशनचे (मशीनचा आकडा बरोबर येतो का ते तपासल्याचे) कागद, ब्रेकडाऊनला किती वेळ लागला, सगळं मागतात.

आजच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, सॉफ्टवेअर घ्या. घ्या म्हणजे फुकटात घ्या, हे वेगळं सांगावं लागत नाही.

७ मार्च

तीन ओपन सोर्स पाहिले. स्नाइप-आयटी एकदम सुटसुटीत आहे, पण ते मुळात लॅपटॉप-कॉम्प्युटर कोणाला दिले आणि परत कधी आले यासाठी बनलेलं, पीएम शेड्यूल ही त्याची गल्ली नाही. ओपनमेंट ताकदीचं आहे, पूर्ण बिल्डिंग त्यात बसवता येते, पण दोन माणसांच्या डिपार्टमेंटला जड. शेवटी ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, सोर्स मोकळा, असेट आणि असेट मेंटेनन्स त्यातच आहे आणि मुख्य म्हणजे स्टॉक आणि परचेससुद्धा त्यातच. तेव्हा स्टॉकचं एवढं डोक्यात नव्हतं, एक जादा सोय एवढंच वाटलं.

आयटीच्या खोलीत एक मशीन मोकळं होतं, रॅम वाढवून त्यावर उबुंटू टाकला, आतल्या नेटवर्कवरच चालवायचं, बाहेर उघडायचं नाही.

१५ मार्च

डेटा एंट्री. वाटलं होतं टायपिंगचं काम आहे, पण हे तर भांडणाचं काम निघालं. ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक असेटला खरेदीची तारीख आणि किंमत टाकावीच लागते. जुन्या मशीनसाठी 'एक्झिस्टिंग असेट'वर टिक मारायची सोय आहे, पण किंमत तरी पाहिजेच, आणि आमच्याकडे अर्धे सामान दानातलं, कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोण्या क्लबने दिलेलं, बिल कुठे असणार त्याचं. अकाउंट्सच्या मॅडमशी बोलून ठरवलं की दान आलेल्याला एक रुपया टाकायचा आणि दात्याचं नाव वेगळ्या फील्डमध्ये. मॅडमचा प्रश्न होता की डेप्रिसिएशन (दरवर्षी उतरवायची किंमत) किती वर्षांवर लावू, तर कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनमध्ये एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी, ईसीजी मॉनिटर असल्या मशीनला १३ वर्षं दिली आहेत, बाकीच्या मेडिकल इक्विपमेंटला १५. आम्ही ट्रस्ट आहोत, कंपनी नाही, तरी मॅडमने तेच पकडलं, म्हणे काहीतरी धरून चालायला पाहिजे.

आणि एक, सबमिट मारल्यावर असेटचं लोकेशन हाताने बदलत नाही, त्याला असेट मूव्हमेंटची एंट्री करावी लागते. ऑडिटच्या दृष्टीने बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता आयसीयूतून सिरिंज पंप उचलून वॉर्डात नेणारी सिस्टर मूव्हमेंटची एंट्री करेल असं ज्याला वाटतं त्याने एक नाइट करून पाहावी.

२२ मार्च

ठरवलं: हलत्या सामानाला (सिरिंज पंप, सक्शन, नेब्युलायझर, व्हीलचेअर) लोकेशन म्हणजे 'घरचा वॉर्ड'. ते आज कुठे आहे हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते कोणाचं आहे हे सांगेल. महिन्यातून एकदा पोरगा स्कॅन करत फिरेल आणि ज्याचं त्याच्या घरी नेऊन सोडेल.

ऑक्सिजन सिलिंडर असेटमध्ये घेतले नाहीत. ते एजन्सीचे, भरून येतात, रिकामे जातात, आज जो आला तो पुन्हा येईलच असं नाही. मॅनिफोल्ड (सिलिंडर पाइपलाइनला जोडायची जोडणी), रेग्युलेटर, पाइपलाइनचे आउटलेट, फ्लोमीटर हे आपले, ते घेतले.

२९ मार्च

स्टिकर. हा विषय लोक हलक्यात घेतात.

पहिले साधे थर्मल लेबल लावून पाहिले, जे बिलाच्या प्रिंटरवर निघतात. हॉस्पिटलमध्ये प्रत्येक वस्तू दिवसातून कितीदा तरी स्पिरिटने किंवा हायपोने (ब्लीचसारख्या जंतुनाशकाने) पुसली जाते, त्यात हे लेबल काळवंडतात नाहीतर उडतात, आणि डायरेक्ट थर्मल कागदाला उष्णताही चालत नाही, म्हणजे नागपुरात तर विषयच संपला. मग पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिन रिबन घेतली. एका लेबलवर रोज स्पिरिट, एकावर हायपो, असं आठवडाभर घासलं, अक्षर हललं नाही. क्यूआरची एरर करेक्शन लेव्हल एच ठेवली, त्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. पण लेव्हल वाढवली की ठिपके वाढतात आणि छोट्या स्टिकरवर कोड दाट होतो, म्हणून आत लांबलचक लिंक न भरता आखूड पत्ता टाकला.

जागा पण महत्त्वाची. मागच्या बाजूला लावला तर मशीन भिंतीला टेकलेलं असतं, कोण ओढून पाहणार. पंख्याच्या जाळीवर लावायचा नाही. ऑटोक्लेव्हमध्ये जाणाऱ्या कशालाच स्टिकर नाही, १३४ डिग्रीच्या वाफेत तो टिकत नाही, ओटीच्या इन्स्ट्रुमेंट सेटला एचिंगवाला (धातूवर कोरलेला) नंबर.

५ एप्रिल

कोणत्या मशीनचं पीएम किती दिवसांनी. सगळ्यांचं सगळंच करायचं म्हटलं तर दोन माणसांत होत नाही. जुनी पद्धत वापरली, फेनिगकोह आणि स्मिथ यांची १९८९ ची: मशीनचं काम काय याचे मार्क, बिघडलं तर पेशंटला धोका किती याचे मार्क, मेंटेनन्सची गरज किती याचे मार्क, तिघांची बेरीज १२ किंवा जास्त आली की ते मशीन पीएमच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचं. व्हेंटिलेटर, डिफिब (हृदयाला शॉक देणारं मशीन), ॲनेस्थेशिया वर्कस्टेशन वगैरे डोळे मिटून आत येतात. वजनकाटा खाली राहिला, तर एनआयसीयूच्या मॅडम म्हणाल्या बाळाचं औषध वजनावर ठरते, तुमचा काटा चुकला तर डोस चुकला. बरोबर आहे. एनआयसीयूचे काटे मार्क न पाहता आत घेतले.

ईआरपीनेक्स्टमध्ये पीरियॉडिसिटी रोजपासून दोन-तीन वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे कायद्याच्या तारखाही त्यातच बसवल्या. एक्स-रे आणि सी-आर्मची (ओटीतलं फिरतं एक्स-रे मशीन) क्यूए म्हणजे दर्जाची टेस्ट दर दोन वर्षांनी, एईआरबीच्या (रेडिएशनवर देखरेख करणारं सरकारी मंडळ) ई-लोरा या पोर्टलवर लायसन्स. सोनोग्राफीचं पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्याखालचं) रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला), महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, जानेवारीत आणि जुलैत. आतापर्यंत या सगळ्या तारखा ॲडमिनच्या एका मॅडमच्या डोक्यात होत्या आणि त्या सुट्टीवर गेल्या की हॉस्पिटलच्या पोटात गोळा यायचा.

१९ एप्रिल

तक्रार कशी घ्यायची, यावर बरीच ओढाताण झाली. आधी लॉगिनवाला प्रकार दिला होता. सिस्टर लोक लॉगिन करतच नाहीत, इंटरकॉम उचलतात नाहीतर ग्रुपवर फोटो टाकतात, "दादा हे पाहा न". त्यांची चूक नाही, समोर पेशंट असतो.

मग क्यूआर स्कॅन केला की सरळ फॉर्म उघडेल, लॉगिन नाही, मशीनचा नंबर आधीच भरलेला. लॉगिन नसलेल्याला असेटची लिंक फील्ड देता येईना म्हणून तिथं साधं टेक्स्ट ठेवलं आणि आत आल्यावर स्क्रिप्टने असेटशी जोडलं. फॉर्मवर चार मोठी बटणं: चालूच होत नाही, चुकीचं दाखवते, वायर/प्रोब/कफ, आवाज-अलार्म. खाली लिहायची जागा, लिहिलं तर लिहिलं. आयसीयूत मोबाइलला मनाई आहे म्हणून नर्सिंग स्टेशनवर एक जुना टॅब बांधून ठेवला. खरंच बांधला, साखळीने.

मेट्रन मॅडमने एक अट घातली, मला पटली: फोन आला तरी तुम्ही नाही म्हणायचं नाही, फोन घ्यायचा आणि एंट्री तुम्ही करायची. म्हणजे रजिस्टर भरायचं ओझं सिस्टरवर नको.

१२ मे

पारा ४५ च्या वर. मेंटेनन्सच्या लॉगमध्ये या महिन्यात सगळी बोंब एसी आणि यूपीएसची. लेड-ॲसिड बॅटरीचं असं आहे की २५ डिग्रीच्या वर साधारण दर दहा डिग्रीला आयुष्य अर्धं होतं, आणि आमची यूपीएसची खोली जिन्याखाली, हवा नाही, बाहेरच्या भिंतीला पश्चिमेचं ऊन. बॅटरीवर पाच वर्षं लिहिलेलं असते, आपल्याकडे तेवढी कुठून चालणार. बॅटरी बँकला वेगळं असेट केलं, बसवल्याची तारीख टाकली, आणि खोलीत एक स्वस्तातलं थर्मामीटर लावून रोजचा आकडा टास्कमध्ये. पुढच्या वर्षी एक्झॉस्ट मागताना हाच कागद पुढे ठेवीन.

एनआयसीयूत फिरताना पाह्यलं, एका वॉर्मरच्या मागे एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात अजून एक बोर्ड. इलेक्ट्रिकलचे दादा म्हणे, "काही नाही होत सर, जरा गरम होते फक्त." जरा गरम म्हणजे काय हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको, भंडारा इथून तासा-दीड तासावर आहे, तिथल्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बाळांच्या युनिटला आग लागून दहा बाळं गेली. दोन्ही बोर्ड काढायला लावले, भिंतीला दोन पॉइंट वाढवून घेतले. एक्स्टेन्शन बोर्ड कोणत्याच असेट लिस्टमध्ये नसतो, त्याची किंमत ती काय. त्याला असेट करणार नाही, पण एनआयसीयू, आयसीयू आणि ओटीच्या साप्ताहिक राउंडच्या चेकलिस्टमध्ये पहिली ओळ तीच: जादा बोर्ड आहे का, हाताला गरम लागतो का.

३० मे

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू. एसीशिवाय लिहिण्यासारखं काही नाही.

१७ जून

पहिला खरा रिपोर्ट काढला. असेट रिपेअरमध्ये बिघडल्याची तारीख-वेळ आणि दुरुस्तीची तारीख-वेळ टाकली की सॉफ्टवेअर डाउनटाइम (मशीन बंद राहिलेला वेळ) काढून देते. सर्वात वाईट कोण निघालं तर आयसीयू आणि स्टेप-डाऊनचे (आयसीयूतून बाहेर काढल्यावरच्या वॉर्डचे) मल्टीपारा मॉनिटर, म्हणजे पेशंटचे ठोके, बीपी, ऑक्सिजन एकत्र दाखवणारे. व्हेंटिलेटर नाही, सी-आर्म नाही, मॉनिटर. सरकारच्या बायोमेडिकल मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये जिल्हा रुग्णालयाला ९५ टक्के अपटाइम धरलेला आहे, तोच आकडा आम्ही समोर ठेवला होता, आणि मॉनिटर त्याच्या बरेच खाली.

मीटिंगमध्ये रिपोर्ट स्क्रीनवर दिसल्याबरोबर मॉनिटर जुने झाले, बदला, कोटेशन मागवा, अशी गाडी सुटली. एक डीलर तर दुसऱ्याच दिवशी येऊन बसला, त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

म्हणलं दोन आठवडे द्या.

२ जुलै

मॉनिटरच्या सगळ्या तक्रारी एकेक करून उघडल्या. सिस्टरने दाबलेलं बटण, माझ्या पोराने लिहिलेला शेरा, काय बदललं ते. अर्ध्याहून जास्तीत मॉनिटरला काहीच झालेलं नव्हतं. एसपीओटू प्रोबची (रक्तातला ऑक्सिजन पाहायला बोटाला लावतात तो) वायर जॉइंटपाशी तुटलेली, बीपीचा कफ फुटलेला, ईसीजीच्या लीडचं एक टोक गेलेलं, बॅटरी मेलेली. काही ठिकाणी तर फक्त प्लग निघालेला किंवा अलार्मची सेटिंग कोणीतरी बदललेली. मॉनिटरच्या आतला बोर्ड किंवा डिस्प्ले गेला अशा केस हाताच्या बोटावर.

"दादा, आकडा येते न मग पुन्हा जाते", हे वाक्य सिस्टर लोकांनी किती ठिकाणी लिहिलंय. येते आणि जाते म्हणजे वायर, दुसरं काय असणार.

तर प्रश्न असा की वायर बदलायला पाच मिनिटं लागतात, मग डाउनटाइम दिवसांमध्ये कसा? सॉफ्टवेअर दोनच टोकं सांगते, कधी बंद पडलं आणि कधी चालू झालं. मधले तास कोणी खाल्ले ते सांगत नाही. म्हणून रिपेअरच्या फॉर्ममध्ये आपले वेळेचे खाने वाढवले: तक्रार आली, आम्ही पाहिलं, पार्ट मागितला, सही झाली, पार्ट हातात आला, वॉर्डला परत दिलं. जुन्या केसमध्ये इंडेंटच्या (स्टोअरकडे सामान मागायच्या) कागदावरून जेवढं भरता आलं तेवढं भरलं.

आम्ही पोचतो तासाभरात. बाकी सगळा वेळ इंडेंट, सही आणि खरेदी. काहीशे रुपयाचा कफ आणि लाखाच्या आसपासचं मॉनिटर, दोघांचा कागद त्याच टेबलावरून त्याच रांगेने जाते. एएमसी (वर्षाचं साधं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट) तर सोडाच, सीएमसीमध्येसुद्धा (पार्टसकटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये) प्रोब, कफ, लीड, बॅटरी बहुतेक वेळा वगळलेले असतात, कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते ते. म्हणजे महागातला भाग कव्हरमध्ये आहे, तो क्वचित बिघडतो, आणि रोज तुटणारा भाग कोणाच्याच खात्यात नाही.

९ जुलै

स्टोअरच्या भाऊंकडे गेलो. ते आधीच तापलेले, "इंडेंटच नाही आलं तर मी काय घरून आणू काय?" मग म्हणाले, एकदा आणले होते न बाप्पा प्रोब, पूर्ण डबा, तुमच्यावाल्यांनीच सांगितलं लागत नाही म्हणून. डबा अजून तसाच होता, उघडून दाखवला. प्रोब चांगले होते, पण नेलकॉर टेक्नॉलॉजीचे, आणि आयसीयूचे मॉनिटर मॅसिमोवाले, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. इंडेंटवर लिहिलं होतं फक्त 'एसपीओटू प्रोब'. भाऊंनी तेच आणलं. दुकानदार तरी काय विचारणार.

तर मॉनिटरच्या प्रत्येक मॉडेलसमोर त्याला काय काय लागतं याचा टेबल बनवला: प्रोब कोणत्या टेक्नॉलॉजीचा, ॲडल्ट की पेडियाट्रिक की निओनेटल, कफचा साइझ आणि एक नळीचा की दोन नळीचा, ईसीजी तीन लीड की पाच लीड, बॅटरीचा नंबर. हे सगळे ईआरपीनेक्स्टमध्ये स्टॉक आयटम केले आणि असेटच्या पानावरच दिसतील असे जोडले. आता क्यूआर स्कॅन केला की पोराला कळते नेमका कोणता प्रोब. मार्चमध्ये जी जादा सोय वाटली होती तीच आता कामाची मुख्य जागा झाली.

डब्यातले प्रोब वाया गेले नाहीत, जनरल वॉर्डात त्याच टेक्नॉलॉजीचे दोन मॉनिटर निघाले, तिकडे दिले.

२१ जुलै

फॉर्म बी वेळेत गेला. मॅडम सुट्टीवर होत्या.

पावसाने लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. ते वेगळं प्रकरण, वेगळ्या तिकिटात.

६ ऑगस्ट

परचेस कमिटी. नवीन मॉनिटरचं कोटेशन टेबलावर होतंच. मी दोनच कागद ठेवले: एकावर बंद असलेल्या वेळेची फोड, दुसऱ्यावर सगळ्या मॉनिटरच्या ॲक्सेसरीजचा तीन महिन्यांचा स्टॉक ठेवायला किती लागतील. दुसरा आकडा एका नव्या मॉनिटरच्या आसपास येत होता. सर बराच वेळ पहिल्या कागदाकडे पाहत होते, मग म्हणाले, म्हणजे ही वाट आमच्या टेबलावर पाहिली जाते. मी काही बोललो नाही, मेट्रन मॅडम बोलल्या, आणि जरा जोरातच बोलल्या.

ठरलं असं: ठरावीक रकमेच्या खालच्या ॲक्सेसरीजला सही नाही, स्टॉक मिनिममच्या खाली गेला की सॉफ्टवेअर आपोआप मटेरियल रिक्वेस्ट काढेल आणि भाऊ सरळ मागवतील. वॉर्डला बदलून देताना जुना तुटलेला प्रोब जमा करायचा, नाहीतर नवीन नाही. ही शेवटची अट अकाउंट्सची, आणि चांगली आहे, कारण तुटलेले प्रोब हातात आले की कळते ते कुठून तुटतात. बहुतेक बेडच्या रेलिंगमध्ये दबून. रेलिंग खाली करताना वायर सोडवायची, हे नवीन स्टाफच्या इंडक्शनमध्ये टाकलं.

मॉनिटर बदलणं रद्द झालं नाही, पुढे ढकललं. दोन खरंच म्हातारे आहेत, त्यांचं मान्य झालं.

२४ ऑगस्ट

पोळा झाला, काल रस्त्यावर मारबतीच्या मिरवणुकीत "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" चालू होतं आणि इकडे आम्ही गच्चीवरच्या खोलीतली इडा पिडा मोजत होतो. बंद सक्शन, मोडके ओटी लाइट, एक ऑटोक्लेव्ह ज्याचं गॅस्केट आता मिळतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये स्क्रॅप असेटचं बटण आहे, दाबलं की पुस्तकातली किंमत उतरवून एंट्री होते, पण वस्तू काही बटणाने खाली येत नाही. इलेक्ट्रॉनिक सामान अधिकृत ई-वेस्टवाल्यालाच, आपल्या नेहमीच्या भंगारवाल्याला नाही, तो कितीही भाव देवो. पाऱ्याचे बीपी मशीन वेगळे काढून सीलबंद डब्यात. आणि एक जुनं सोनोग्राफी मशीन आहे, त्याला तर हातही लावला नाही, पीसीपीएनडीटीच्या अथॉरिटीला कळवल्याशिवाय ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीतही नेता येत नाही. पत्र तयार केलं, मॅडमकडे दिलं.

१५ सप्टेंबर

मॉनिटरचा डाउनटाइम बराच खाली आला. आता यादीत वर डायलिसिस आलंय. तिथं वायरीचा प्रकार नाही, आरओ प्लांटचा (डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा) आहे, पाणी कमी पडलं की सगळी मशीन एकदम थांबतात, आणि सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक मशीनचा वेगळा बिघाड म्हणून मोजते. आरओला मुख्य असेट करून मशीन त्याच्याखाली घ्यायची, म्हणजे एक तिकीट निघेल. मेंब्रेनचं प्रेशर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि सॉफ्टनरचं रीजनरेशन रोजच्या टास्कमध्ये. उद्या डायलिसिसच्या टेक्निशियन ताईंसोबत बसायचं आहे, त्या सकाळी सहाला येतात, पहिली शिफ्ट लागायच्या आधी.